खडकात साठवलेल्या कार्बनचा ठाव आवाजाने कसा घेतात?

गोव्याच्या किनाऱ्यासमोरच्या उथळ समुद्रात, तळाच्या मऊ चिखलाखाली, ठिकठिकाणी वायू दडलेला आहे. तो कोणी तेथे नेऊन ठेवलेला नाही. गाळात पुरलेले सेंद्रिय द्रव्य ऑक्सिजनविना कुजत गेले की मिथेन तयार होतो आणि त्यातला बराचसा गाळातच अडकून राहतो. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रबूड जमिनीवर असे वायूयुक्त गाळाचे पट्टे ओळखले, ते तळ खणून नव्हे, तर जहाजावरून आवाज सोडून आणि त्याचा प्रतिध्वनी टिपून. गाळात वायू असेल तेथे प्रतिध्वनीच्या आलेखात खालचे सगळे थर एकाएकी पुसल्यासारखे होतात, कारण वायूचे बारीक बुडबुडे ध्वनी शोषतात आणि इतस्ततः विखुरतात. खडकाच्या किंवा गाळाच्या छिद्रांत काय भरले आहे, याने आवाज इतका बदलतो.

हेच तत्त्व, अधिक शक्तिशाली आवाजाने आणि कितीतरी अधिक खोलीवर, आज एका वेगळ्या कामासाठी वापरले जाते. सिमेंटच्या भट्ट्या, पोलादाचे कारखाने आणि नैसर्गिक वायूची शुद्धीकरण केंद्रे यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत न सोडता पकडायचा, दाबायचा आणि जमिनीखालच्या किंवा समुद्रतळाखालच्या खडकात कायमचा ठेवायचा, असे ते काम आहे. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले आहे आणि नीती आयोगाने २०२२ मध्ये कार्बन पकडून साठवण्याच्या धोरणाचा आराखडा मांडणारा अहवाल प्रसिद्ध केला आहे, त्यामुळे हा विषय आता दूरच्या देशांपुरता राहिलेला नाही. ठेवलेला वायू ठेवल्या जागीच आहे हे कशावरून म्हणायचे, हा त्यातला कळीचा प्रश्न आहे. एक-दोन किलोमीटर खोल खडकात कोणी जाऊन पाहू शकत नाही. जागोजागी विहिरी खणाव्यात, तर प्रत्येक विहीर हीच गळतीची एक संभाव्य वाट होते, आणि तिच्यातून कळते ते फक्त तिच्या लगतच्या खडकाविषयी. म्हणून सगळ्यात मोठी भिस्त आवाजावर ठेवावी लागते.

आधी साठवण म्हणजे नेमके काय ते पाहू. जमिनीखाली एखादी मोठी गुहा असते आणि तिच्यात वायू कोंडतात, अशी अनेकांची कल्पना असते. ती बरोबर नाही. वालुकाश्मासारख्या खडकात वाळूच्या कणांमध्ये सूक्ष्म पोकळ्या असतात आणि खोलवर त्या खाऱ्या पाण्याने भरलेल्या असतात. दाबाखाली सोडलेला कार्बन डायऑक्साइड हे पाणी बाजूला सारून त्या पोकळ्यांत शिरतो. सुमारे ८०० मीटरपेक्षा अधिक खोलीवर तापमान आणि दाब इतके वाढलेले असतात की (३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बार ही त्यांची सीमारेषा आहे) हा वायू ना धड वायू राहतो ना धड द्रव. त्याची घनता द्रवाच्या जवळ जाते आणि वाहण्याचा गुण वायूचा राहतो. पृष्ठभागावर एका घनमीटरात त्याचे वजन दोन किलोच्या आत असते, तर तेथे ते अनेकदा सहाशे-सातशे किलो भरते, म्हणून थोड्या जागेत पुष्कळ माल मावतो. तरीही तो खाऱ्या पाण्याहून हलकाच असतो आणि वर सरकू पाहतो. त्याला अडवतो तो वरचा शेलसारखा दाट, जवळजवळ अभेद्य खडक. पुढे शेकडो-हजारो वर्षांत त्यातला काही भाग पाण्यात विरघळतो, काही पोकळ्यांत कायमचा अडकतो, काहीचे खनिज बनते. पण पहिल्या काही दशकांत सारा भरवसा त्या वरच्या थरावर असतो आणि निगराणीची खरी गरजही तेव्हाच असते.

आता आवाज. खडकातून जाणाऱ्या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात खडक पुढेमागे दाबला आणि सैल होतो. हवेतून येणारा आपला नेहमीचा ध्वनीही याच जातीचा. दुसऱ्या प्रकारात खडक आडवा हलतो. दाबाच्या लहरीचा वेग तीन गोष्टींवर ठरतो: खडक दाबला जाण्यास किती विरोध करतो, आडवा वाकण्यास किती विरोध करतो आणि तो किती जड आहे. पोकळ्यांतले खारे पाणी दबता दबत नाही, त्यामुळे ते खडकाला ताठपणा देते. त्याच्या जागी सहज दबणारा कार्बन डायऑक्साइड आला की खडकाचा सांगाडा तोच राहतो, पण एकूण ताठपणा घटतो आणि लहर मंदावते. फणस बाहेरून तसाच दिसत असला तरी बोटांनी ठोकल्यावर कच्च्याचा टणक आणि पिकलेल्याचा बद्द आवाज येतो, त्याचे कारणही आतल्या भरणातच असते. आडव्या लहरींचे मात्र तसे नाही. द्रव आणि वायू आडव्या ओढीला विरोधच करत नाहीत, त्यामुळे त्या लहरी केवळ खडकाच्या सांगाड्यातून जातात आणि पोकळ्यांत पाणी आहे की वायू याचा त्यांच्या वेगावर फारसा परिणाम होत नाही. हा फरक पुढे उपयोगी पडतो, म्हणून तो लक्षात ठेवावा. पोकळ्यांतला द्रव बदलला की खडकाच्या ताठपणात किती फरक पडेल, हे काढण्याचे गणित स्विस भूभौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ गासमान यांनी १९५१ मध्ये मांडले आणि आजही हिशोबाची सुरुवात त्याच सूत्रापासून होते.

प्रत्यक्ष सर्वेक्षणात जहाजाच्या मागे एअरगन असतात. त्या दाबलेली हवा एकदम पाण्यात सोडतात आणि त्या धक्क्याची लहर तळ भेदून खाली जाते. एका थरातून दुसऱ्या वेगळ्या थरात शिरताना तिचा थोडा भाग परत फिरतो. जहाजामागे काही किलोमीटर लांबीच्या केबल तरंगत असतात आणि त्यांतले पाण्याखालचे मायक्रोफोन, म्हणजे हायड्रोफोन, हे परतलेले आवाज टिपतात. जमिनीवर एअरगनच्या जागी भूपृष्ठ थरथरवणारे जड ट्रक येतात. कोणता प्रतिध्वनी किती वेळाने आणि किती जोराने आला यावरून खालच्या थरांचे त्रिमितीय चित्र तयार होते. पण एका चित्राने निगराणी होत नाही. वायू सोडण्यापूर्वी एकदा आणि नंतर काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा, शक्य तितक्या तंतोतंत त्याच पद्धतीने सर्वेक्षण करायचे आणि नव्या चित्रातून जुने वजा करायचे, ही खरी रीत आहे. खडक लाखो वर्षांत बदलतो, वायू महिन्यांत सरकतो. त्यामुळे वजाबाकीत जे उरते ते बहुतांशी वायूमुळे झालेले असते.

या रीतीचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण नॉर्वेच्या हद्दीत, उत्तर समुद्रातील स्लाइप्नर येथे आहे. तेथील नैसर्गिक वायूत सुमारे नऊ टक्के कार्बन डायऑक्साइड होता आणि विक्रीसाठी तो अडीच टक्क्यांच्या आत आणणे भाग होते. नॉर्वेने १९९१ मध्ये कार्बनवर कर लावला होता, त्यामुळे वेगळा काढलेला वायू हवेत सोडणे महाग पडले असते. १९९६ पासून तो समुद्रसपाटीखाली सुमारे एक किलोमीटरवर असलेल्या उत्सिरा नावाच्या वालुकाश्मात सोडला जाऊ लागला, सुरुवातीची अनेक वर्षे दरवर्षी सुमारे दहा लाख टन. त्याआधी, १९९४ मध्ये, त्या भागाचे सर्वेक्षण झालेले होते आणि १९९९ मध्ये पहिले पुनर्सर्वेक्षण झाले. त्या चित्रात वायू एका सलग फुग्यासारखा नव्हे, तर एकावर एक अशा नऊ थरांत पसरलेला दिसला. वालुकाश्मात अधूनमधून शेलचे जेमतेम मीटरभर जाडीचे पापुद्रे आहेत. वर जाणारा वायू प्रत्येकाखाली थोडा थांबला, पसरला आणि वाट सापडताच पुन्हा वर गेला. अवघ्या तीन वर्षांत तो साठ्याच्या माथ्यापर्यंत पोहोचला होता आणि तेथे वरच्या जाड शेलखाली अडला होता. पुढच्या सर्वेक्षणांत सर्वांत वरचा थर एका उंचवट्याच्या कडेने उत्तरेकडे, संगणकीय अंदाजांपेक्षा अधिक वेगाने पसरताना दिसला. अंदाज चुकला हे कळले, ते ध्वनीची चित्रे हाताशी होती म्हणूनच.

येथे आकड्यांत थोडे शिरू या, कारण या पद्धतीचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही आकड्यांतच कळतात. पाण्याने भरलेल्या उत्सिरा वालुकाश्मात लहर सेकंदाला सुमारे २०५० मीटर जाते. पोकळ्यांत कार्बन डायऑक्साइड भरल्यावर हा वेग सुमारे १४५० मीटरपर्यंत उतरतो. दहा मीटर जाडीच्या थरातून खाली जाऊन परत येण्यास पूर्वी सुमारे ९.८ मिलिसेकंद लागत असतील, तर नंतर सुमारे १३.८ लागतात. या चार मिलिसेकंदांच्या विलंबामुळे वायूखालचे थर चित्रात प्रत्यक्षापेक्षा खोल गेल्यासारखे दिसतात, जरी ते जागचे हललेले नसतात. शिवाय थराच्या कडेवरचा प्रतिध्वनी लक्षणीय जोरकस होतो. थर ओळखता येण्याची मात्र सीमा असते. सेकंदाला ५० कंपनांची लहर २००० मीटर वेगाने जात असेल, तर तिची लांबी ४० मीटर होते आणि साधारणपणे तिच्या चौथ्या भागाहून, म्हणजे दहा मीटरहून, पातळ थराचा वरचा आणि खालचा काठ वेगवेगळा वाचता येत नाही. तो थर आहे एवढे प्रतिध्वनीच्या जोरावरून समजते. त्याची जाडी थेट मोजता येत नाही, ती अप्रत्यक्षपणे काढावी लागते.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे आणि सर्वसामान्य वाचकांपर्यंत ती क्वचितच पोहोचते. पोकळीतल्या पाण्यात दहा टक्के कार्बन डायऑक्साइड एकजीव मिसळला, तर त्या मिश्रणाचा दाबाला असणारा विरोध ढोबळ हिशोबाने निव्वळ पाण्याच्या एक चतुर्थांशावर किंवा त्याहूनही खाली येतो. म्हणजे लहरीच्या वेगातली घट बहुतांश सुरुवातीच्या थोड्याशा वायूनेच होऊन जाते. त्यानंतर प्रमाण दहाचे वीस, वीसचे ऐंशी टक्के झाले तरी वेग फारसा हलत नाही. त्याउलट वायू मिसळून न जाता मोठ्या ठिगळांसारखा राहिला असेल, तर वेग हळूहळू, जवळजवळ प्रमाणानुसार घटतो. नेमकी कोणती स्थिती आहे हे केवळ वेगावरून सांगता येत नाही. म्हणून ‘वायू कुठे आहे’ या प्रश्नाला आवाज खणखणीत उत्तर देतो, आणि ‘किती आहे’ या प्रश्नाला मात्र चाचरत. ज्यांच्या हाती साठवणुकीचा हिशोब आणि त्यावर मिळणारा मोबदला असेल, त्यांनी हा फरक झाकून ठेवता कामा नये, असे मला मनापासून वाटते. स्लाइप्नरला यासाठी समुद्रतळावर गुरुत्वाकर्षणाचीही मोजणी केली गेली. जड पाण्याची जागा हलक्या वायूने घेतली की तेथील ओढ अत्यंत सूक्ष्म प्रमाणात घटते आणि ही घट वस्तुमानाशी थेट निगडित असते, म्हणून एका मोजणीची उणीव दुसरीने काही अंशी भरून निघते.

वायू जेथे पोहोचत नाही तेथेही दाब पोहोचतो. सोडलेल्या वायूमुळे भोवतालच्या पाण्याचा दाब वाढतो, खडकाचे कण एकमेकांवर कमी घट्ट बसतात आणि त्यानेही लहर मंदावते. तेव्हा वजाबाकीत दिसलेला बदल वायूचा की दाबाचा, हे वेगळे करावे लागते. दाबाने सांगाडाच सैल होत असल्यामुळे दोन्ही प्रकारच्या लहरी मंदावतात, वायूने मुख्यतः पहिल्याच. वर सांगितलेला फरक कामी येतो तो येथे. नॉर्वेच्याच स्नोव्हिट क्षेत्रात २००८ मध्ये साठवण सुरू झाली, पण विहिरीतला दाब अपेक्षेपेक्षा लवकर चढू लागला. २००९ च्या सर्वेक्षणाने वायूचा आणि दाबाचा परिणाम वेगळा करण्यास मदत केली आणि २०११ मध्ये साठवण वरच्या दुसऱ्या वालुकाश्मात हलवण्यात आली. अल्जीरियातील इन सलाह येथे उपग्रहांच्या रडारने वाळवंटाची जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली जात असल्याचे दाखवले, २००९ च्या ध्वनिसर्वेक्षणात भेगांची चिन्हे दिसली आणि २०११ मध्ये तेथे वायू सोडणे थांबले. निगराणीचा धोक्याचा इशारा वेळेत मिळणे, हेच तिचे यश मानायला हवे.

याखेरीज स्वतः आवाज न करता फक्त ऐकत राहण्याचीही पद्धत आहे. दाब वाढला की जुन्या भेगांवर अतिसूक्ष्म कंपने होतात. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात डेकेटर येथे २०११ ते २०१४ या काळात सुमारे दहा लाख टन वायू दोन किलोमीटरहून खोल वालुकाश्मात सोडला गेला, तेव्हा अशी हजारो कंपने नोंदली गेली. त्यांतली अनेक साठ्याच्या खालच्या प्राचीन स्फटिकी खडकात होती. माणसाला जाणवणार नाहीत इतकी ती लहान होती, तरी दाब कोणत्या दिशेने सरकतो आहे याचा माग त्यांनी दिला. अलीकडे विहिरीत बसवलेली ऑप्टिकल फायबरची केबलच ऐकण्याचे साधन बनली आहे. तिच्यात लेसरचे स्पंद सोडतात आणि काचेतल्या सूक्ष्म दोषांवरून परतणारा प्रकाश मोजतात. लहर आल्याने केबल किंचितही ताणली तर त्या प्रकाशात फरक पडतो, आणि केबलची संपूर्ण लांबी हजारो मायक्रोफोनांचे काम करते. ऑस्ट्रेलियातील ऑटवे प्रकल्पात अशा केबल वापरल्या गेल्या आणि तेथे काही हजार टनांइतका लहान साठाही ध्वनीने ओळखता येतो हे दिसून आले.

आपल्याकडचा खडक मात्र निराळा आहे. गोव्याची जमीन बहुतांशी अतिप्राचीन ग्नाइस, शिस्ट आणि ग्रॅनाइटची आहे. वरचा जांभा सच्छिद्र असला तरी तो पृष्ठभागावरच आहे, त्यामुळे या पद्धतीच्या साठवणुकीला जमिनीवर वाव नाही. ईशान्येच्या कोपऱ्यात सह्याद्रीच्या बाजूला दख्खनच्या बेसाल्टची कड गोव्यात शिरते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या या लाव्हाने आजही जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापलेली आहे. बेसाल्टमधले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून त्याचे खनिज बनवू शकतात. आइसलँडमधील कार्बफिक्स प्रयोगात पाण्यात विरघळवून सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु येथे आवाजाचे बळ ओसरते. बेसाल्ट इतका ताठ असतो की पोकळ्यांतले द्रव्य बदलल्याने वेगात थोडाच फरक पडतो. एकावर एक साचलेले लाव्हाचे थर आणि त्यांमधले मऊ पट्टे ध्वनी विखुरतात. आणि वायूचे एकदा खनिज झाले की ते ध्वनीच्या दृष्टीने भोवतालच्या खडकापासून वेगळे काढणे अवघड होते. म्हणूनच आइसलँडमध्ये सोडलेल्या पाण्यात खुणेची रसायने आणि कार्बन-१४ मिसळून, निरीक्षण विहिरींतल्या पाण्याच्या तपासणीवरून निष्कर्ष काढावा लागला. महाराष्ट्र आणि गोव्यात दख्खनच्या बेसाल्टची चर्चा होते तेव्हा स्लाइप्नरची स्वच्छ चित्रे दाखवून लोकांना आश्वस्त करणे बरोबर नाही. तो खडक वेगळा आणि त्याच्या पडताळणीची साधनेही वेगळी.

समुद्रातले जाड गाळथर हा दुसरा पर्याय, आणि तेथे ध्वनीचा चांगला उपयोग होऊ शकतो. पण सुरुवातीला सांगितलेला मिथेन तेथे आडवा येतो. वायूयुक्त गाळाखालचे चित्र पुसट होते, म्हणजे ज्या पट्ट्यात तो आहे त्याखाली केलेली साठवण वरून नीट तपासता येणार नाही. आणि समजा, काही वर्षांनी तळातून बुडबुडे निघताना दिसले, तर ते जुन्या मिथेनचे की नव्या कार्बन डायऑक्साइडचे? बुडबुडे ऐकू येतात. तळातून सुटताना प्रत्येक बुडबुडा किणकिणतो आणि मिलिमीटरभर त्रिज्येच्या बुडबुड्याचा स्वर उथळ पाण्यात सेकंदाला सुमारे तीन हजार कंपनांच्या वर असतो, त्यामुळे स्वरावरून त्याचा आकार काढता येतो. परंतु त्यात कोणता वायू आहे हे स्वर सांगत नाही. त्यासाठी पाण्याचे नमुने घ्यावे लागतात, आणि आधीची नोंद नसेल तर नमुन्यांनीही वाद मिटत नाही. म्हणून साठवणुकीचा विचार प्रत्यक्षात येण्याच्या कितीतरी आधी, आजचा समुद्रतळ जसा आहे तसा टिपून ठेवला पाहिजे. त्यासाठी लागणारी बरीचशी विद्या दोना पावला आणि वास्को येथील संस्थांत उपलब्ध आहे.

हे टिपणे ऋतूशीही बांधलेले आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या किनाऱ्यालगत खालचे थंड पाणी वर येते. तापमान एका अंशाने उतरले की पाण्यातला ध्वनी सेकंदाला दोन ते तीन मीटरने मंदावतो; साठ मीटर खोल पाण्यात सहा-सात अंशांचा फरक पडला, तर जाण्यायेण्याच्या वेळेत पाऊण ते एक मिलिसेकंदाची भर पडते, आणि तेवढाच विलंब दोन मीटर जाडीच्या वायूच्या थरामुळेही होतो. म्हणजे एक सर्वेक्षण फेब्रुवारीत आणि दुसरे सप्टेंबरात केले आणि पाण्याच्या तापमानाची दुरुस्ती केली नाही, तर नसलेला वायू दिसेल किंवा असलेला लपेल. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, पण नेमका तेव्हा समुद्र खवळलेला असतो. सर्वेक्षणाचे जहाज जाणार ते ऑक्टोबर ते मे या काळात, ज्या वेळी ट्रॉलरही समुद्रात असतात. एअरगनचा आवाज मासे आणि डॉल्फिन यांना त्रास देतो, म्हणून तो हळूहळू वाढवणे आणि जवळ डॉल्फिन दिसल्यास थांबणे असे नियम अनेक देशांत आहेत आणि ते येथे काटेकोर पाळावे लागतील. तळावर कायमचे श्रवणयंत्र बसवले तर दर वेळी केबल ओढत नेण्याची गरज कमी होते आणि मोजणीही अधिक जुळती होते. मात्र आपल्या उथळ समुद्रात ट्रॉलरची जाळी तळ घासत जातात, त्यामुळे ती यंत्रे पुरून ठेवावी लागतील आणि त्यांची जागा मच्छीमारांना नकाशावर दाखवावी लागेल. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार साठवण बंद झाल्यावरही साधारणपणे किमान २० वर्षे चालकाने निगराणी ठेवायची असते. तितकी वर्षे त्याच पाण्यात, त्याच रेषांवरून जहाज फिरणार असेल, तर त्या पाण्यात ज्यांची जाळी पडतात त्यांच्याशी बोलणी पहिल्या सर्वेक्षणाच्या आधीच व्हायला हवीत.